दोन मीटरचा बैल

पुंडलिकनगरच्या तिसऱ्या गल्लीत वैजनाथराव चारठाणकरांच्या फाटकावर काळ्या दगडाची पाटी होती. कॉलेजातून निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी पाटीवरची 'प्राध्यापक' ही अक्षरं बुजवून टाकली. 'मुख्य संपादक, भूस्तर' ही ओळ मात्र दर दिवाळीला नव्यानं रंगवली जाई. प्राध्यापक निवृत्त होतो, मुख्य संपादक होत नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

'भूस्तर' हे पुरातत्त्वाचं षण्मासिक. मराठवाड्यात कुठं जुन्या वस्तीचं टेकाड खणलं, कुठं नांगराला शिल्प लागलं, कुठं खापरं निघाली, की त्यावरचे विद्वान लेख त्यात छापून येत. गल्लीला मात्र संपादक म्हटलं की वर्तमानपत्र, एवढंच ठाऊक होतं. समोरच्या द्वारकाबाई महिन्यातून एकदा तरी फाटकाशी येऊन उभ्या राहत.

"भाऊसाहेब, चार दिवस झाले नळाला पाणी नाही. छापा की तुमच्या पेपरात."

"द्वारकाबाई, तो पेपर नाही. आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचं छापतो."

"मग तेच छापा. तवा आडाला पाणी होतं म्हणावं, अन आता बघा."

वैजनाथरावांना राग येत नसे. अडाण्यांचा राग मुख्य संपादकानं करायचा नसतो. तसे 'भूस्तर'ला आणखी दोन संपादक होते, पण त्यातले एक मुलाकडे पुण्याला गेले ते तिकडचेच झाले आणि दुसरे अध्यात्माकडे वळले. त्यामुळे लेख मागवणं, तपासणं, लेखकाला खरमरीत पत्र लिहिणं, मुद्रितं वाचणं, वेष्टणावर पत्ता लिहून तिकीट चिकटवणं, हे सगळं मुख्य संपादकच करीत. त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई कधी कधी विचारत, "अहो, तुम्ही मुख्य, हे ठीक आहे. पण कुणातले?" त्यावर वैजनाथराव नुसते हसत. मुख्यपणा मोजून येत नाही, अंगात असावा लागतो, असा त्या हसण्याचा अर्थ असे.

आणि त्यांचा तोरा पोकळ नव्हता बरं का. 'भूस्तर'चा पहिला अंक निघाला त्याला बावीस वर्षं झाली होती. अंक निघाले चव्वेचाळीस, आणि एकाही अंकाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. मोठमोठ्या संस्थांच्या नियतकालिकांत 'पृष्ठ अमुकवर तमुक असे वाचावे' अशी चिठ्ठी डकवलेली सापडली की वैजनाथराव ती मीनाक्षीबाईंना मोठ्यानं वाचून दाखवत. "बावीस वर्षं, एकही शुद्धिपत्र नाही," हे वाक्य त्यांनी लग्नात सांगितलं होतं, व्याख्यानात सांगितलं होतं, आणि एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालासुद्धा सांगितलं होतं.

चव्वेचाळिसाव्या अंकात सावखेड्याच्या बद्रीनाथ गुरुजींचा एक छोटा लेख होता. सावखेड्याच्या पांढरीत, म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या वस्तीच्या टेकाडात, तीस वर्षांपूर्वी उत्खनन झालं होतं. त्यात निघालेला भाजक्या मातीचा एक बैल तिथल्या शाळेच्या कपाटात राहून गेला होता. सातवाहन काळातल्या पोरांचं ते खेळणं. गुरुजींनी लेख चांगला लिहिला, फोटो चांगला काढला, पण फोटोत मापपट्टी ठेवली नाही.

आता मापपट्टीशिवाय फोटो म्हणजे वैजनाथरावांच्या लेखी कुंकवाशिवाय पत्रिका. वस्तूशेजारी काळ्या-पांढऱ्या खणांची पट्टी हवी, म्हणजे बघणाऱ्याला वस्तू केवढी ते कळतं. हा नियम त्यांनी पहिल्या अंकातच छापला होता. त्यांनी गुरुजींना खरमरीत पत्र लिहिलं. गुरुजींनी उलट टपाली कार्ड पाठवलं: 'उंची सहा सेंटिमीटर. क्षमस्व.' अंक छापखान्यात जायची वेळ आली होती. वैजनाथरावांनी मग आपला पत्र्याचा डबा काढला. त्यात जुन्या अंकांतल्या मापपट्ट्यांचे छापील तुकडे कापून ठेवलेले असत. खापराच्या फोटोच्या तीन सेंटिमीटरच्या, खणलेल्या खड्ड्यांच्या फोटोच्या एक मीटरच्या. दिसायला सगळ्या सारख्या. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत माप लिहिलेलं, तेवढाच फरक.

त्या दिवशी त्यांचा चष्मा पैठण गेटजवळच्या दुकानात काच बदलायला दिलेला होता. डोळ्यांसमोर पट्टी धरून ते ती पुढं-मागं करत होते.

"मी बघू का?" मीनाक्षीबाईंनी विचारलं होतं.

"हे शास्त्रीय काम आहे," वैजनाथराव म्हणाले होते, आणि पट्टी चिकटवली होती.

अंक छापून आला. तीनशे प्रती. गावातल्या वर्गणीदारांना आधी, परगावच्यांना मागून, हा रिवाज. वैजनाथरावांनी गावातल्या अठरा प्रती त्याच दिवशी पोस्टात टाकल्या. चौथ्या दिवशी चष्मा आला. तो डोळ्यांवर चढवून, चहाचा कप शेजारी ठेवून, ते आपला अंक कौतुकानं चाळायला बसले आणि फलक पाचच्या फोटोपाशी त्यांचा हात थांबला.

बैलाखालची पट्टी मीटरची होती.

त्यांनी पुन्हा पाहिलं. पट्टीप्रमाणं मोजलं तर बैल दोन मीटर उंच भरत होता आणि शेपटीसकट तीन मीटर लांब. वरच्या परिच्छेदात गुरुजींनी लिहिलं होतं, 'हे खेळणे लहान मुले दोरी बांधून अंगणात ओढत असावीत.'

"अगं," वैजनाथरावांनी हाक मारली. आवाज असा आला की मीनाक्षीबाई पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. त्यांनी फोटो पाहिला, पट्टी पाहिली, परिच्छेद वाचला.

"केवढाली पोरं असतील हो ती," त्या म्हणाल्या.

वैजनाथराव हसले नाहीत. बावीस वर्षांची पुण्याई एका बैलानं खाल्ली होती. शुद्धिपत्र छापायचं म्हणजे आजवर ज्यांना ज्यांना चिठ्ठ्या वाचून दाखवल्या ते सगळे आता आपली चिठ्ठी वाचणार. ते तासभर झोपाळ्यावर बसून राहिले. मग एकदम उठले.

"शुद्धिपत्र निघणार नाही," ते म्हणाले. "सेंटिमीटरच्या पट्ट्या छापून आणतो. दोनशे ब्याऐंशी प्रती घरातच आहेत. चुकीच्या पट्टीवर बरोबर पट्टी चिकटवायची. कुणाला कळणार नाही."

"अन त्या अठरा?"

"त्या जाऊन चिकटवतो."

दोन दुपारी नवरा-बायकोनं जमिनीवर बसून डिंक लावला. पट्ट्या सरळ बसत होत्या, कारण आता त्या मीनाक्षीबाई बसवत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथरावांनी डिंकाची बाटली, पट्ट्यांचं पाकीट आणि अठरा नावांची यादी पिशवीत घातली आणि स्कूटर काढली. एप्रिलचं ऊन होतं. डोक्याला उपरणं गुंडाळलेला मुख्य संपादक मोहिमेवर निघाला.

पहिलं घर समर्थनगरात, काकासाहेब बोराड्यांचं. काकासाहेब निवृत्त प्राचार्य आणि 'भूस्तर' चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. वैजनाथरावांना पाहताच त्यांनी हात पसरले.

"या, या चारठाणकर. अंक मिळाला बरं का. लई उत्तम. संपादकीय तर मी दोनदा वाचलं."

वैजनाथरावांनी पिशवी सावरली. संपादकीयानंतर दोनच पानांवर बैल होता. "अंक जरा पाहू का? बांधणीत एक शंका आहे."

"बघा की. त्या फडताळात असंल."

फडताळात बावीस वर्षांचे 'भूस्तर' ओळीनं उभे होते. चव्वेचाळीस. प्रत्येकावर वैजनाथरावांच्या हातचं वेष्टण, त्यावर त्यांच्याच हातचा पत्ता, आणि एकही वेष्टण फोडलेलं नव्हतं. त्यांनी शेवटचा अंक काढला, हळूच वेष्टण सरकवून फलक पाचवर पट्टी चिकटवली आणि अंक होता तसा परत ठेवला.

"कसं काय, ठीक आहे ना बांधणी?" काकासाहेबांनी बैठकीतून विचारलं.

"अगदी जशीच्या तशी आहे," वैजनाथराव म्हणाले.

बाहेर येऊन स्कूटरला किक मारताना त्यांना मोठा दिलासा वाटत होता. आणि त्या दिलाशाच्या आत कुठंतरी बारीक कुसळ रुतल्यासारखं होत होतं.

दुसरं घर गुलमंडीवर, लक्ष्मणराव वकिलांचं. वकीलसाहेब अशिलांत गुंतले होते. त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं. कोपऱ्यात कूलर घरघरत होता आणि त्याच्या चार पायांखाली 'भूस्तर'चे चार गठ्ठे होते.

"सर, एक सांगतो, राग मानू नका," वकीलसाहेब म्हणाले. "फरशीला उतार आहे. लई पुस्तकं लावून पाहिली, पाणी सांडायचंच. तुमचा अंक लावला अन कूलर जागेवर बसला. बावीस वर्षांत जाडी एका पानानं बदलली नाही तुमची. ह्याला म्हणतात संपादन."

ही स्तुती घ्यावी की नाही, हे वैजनाथरावांना ठरवता येईना. ते गुडघ्यावर बसले, एका अशिलानं कूलर तिरपा करून धरला, आणि त्यांनी ताजा अंक खालून ओढून काढला. तोही वेष्टणातच होता. पट्टी चिकटली. अंक पायाखाली परत गेला, कारण तोवर पाणी सांडायला लागलं होतं.

तिसरी प्रत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती. ग्रंथपालांनी अदबीनं खुर्ची दिली आणि कपाट उघडलं. वेष्टणावरच शिक्का होता, क्रमांक होता, तारीख होती. सगळं कसं शिस्तीत.

"कुणी मागितला तरच काढतो बाहेर," ग्रंथपाल म्हणाले. "हाताळून खराब होतात."

"कुणी मागतं?"

"आज मागितला की," ग्रंथपाल म्हणाले. "तुम्ही. त्याच्या आधीचं रजिस्टर बघावं लागेल." त्यांनी रजिस्टर खरोखरच पाहिलं. त्याच्या आधी कुणी नव्हतं.

असं दोन दिवस चाललं. एका दातांच्या डॉक्टरांकडे अंक प्रतीक्षा-खोलीत सगळ्यात वर मांडलेला होता. त्याच्या खालचं सिनेमाचं मासिक पार चिंधड्या झालेलं, आणि 'भूस्तर' वेष्टणासकट कोरा करकरीत. एका निवृत्त तहसीलदारांनी, "अंक बंद झाला ना हो? वाईट झालं," असं म्हणून सांत्वन केलं आणि टेबलावरच्या न फोडलेल्या अंकाकडे पाहून ते दचकले. वैजनाथराव प्रत्येक घरातून यादीतलं एक नाव खोडत निघत. सतरा नावं खोडली गेली. सतरापैकी फोडलेलं वेष्टण एकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले.

"किती जणांनी बघितला बैल?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"एकानंही नाही."

"चला, सुटलात."

"एकानंही नाही," वैजनाथराव पुन्हा म्हणाले. "रात्री जागून तळटिपा जुळवल्या मी. एका स्वल्पविरामासाठी नांदेडला ट्रंक कॉल केलाय. आणि एकानंही नाही."

मीनाक्षीबाईंनी वाढायचं थांबवलं. "अहो, तुमचं म्हणणं काय आहे? लोकांनी बघायला हवं होतं का नको?"

वैजनाथराव ताटावरून उठले आणि यादी हातात घेतली. अठरावं नाव तेवढं राहिलं होतं: प्रा. म. पुं. शेजूळ, चिकलठाणा.

ह्या शेजुळांना ते कधी भेटले नव्हते. एकोणीस वर्षं दर जानेवारीत वर्गणीची मनिऑर्डर न चुकता येई, खाली वळणदार नसलेली पण ठाम सही. अशी निष्ठा एखाद्या प्राध्यापकाचीच असणार म्हणून वेष्टणावर 'प्रा.' ही अक्षरं वैजनाथरावांनी आपल्या पदरची घातली होती. निदान ह्या माणसानं तरी अंक फोडलेला असू दे, असं त्यांना जालना रोडवर एकदम वाटलं. आणि तो फोडलेला असला तर आपली अब्रू गेली, हेही लगेच वाटलं. स्कूटर त्या गोंधळात दोनदा बंद पडली.

पत्ता विचारत विचारत ते एका जुन्या कारखान्याच्या भिंतीमागच्या वस्तीत पोचले. दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, लिंबाचं झाड. झाडाखाली बाजेवर साठीच्या पुढची एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, नाकावर दोरी बांधलेला चष्मा. तिच्या मांडीवर 'भूस्तर'चा चव्वेचाळिसावा अंक उघडा होता.

वैजनाथराव फाटकातच थबकले. "शेजूळ सर इथंच राहतात का?"

"सर कुणी न्हाई इथं. शेजूळ मीच. मनकर्णाबाई पुंजाराम शेजूळ." तिनं चष्म्यातून त्यांना निरखलं. "तुम्ही?"

"मी चारठाणकर. 'भूस्तर'चा—"

"मुख्य संपादक," बाई म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. "म्होरल्या पानावरचे. बसा, सायेब. सूनबाई, पानी आन गं. आपले मुख्य संपादक आले."

बावीस वर्षांत वैजनाथरावांना त्या नावानं कुणी ओळखलं नव्हतं. ते बाजेच्या कडेवर बसले. पाणी त्यांनी अगदी सावकाश प्यायलं.

"येक इचारायचं व्हतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाकिटावर माझ्या नावाम्होरं 'प्रा.' काहून लिवतात? पोस्टमन बी इचारतो."

"ते... आदरार्थी आहे," वैजनाथराव म्हणाले. "तुम्ही हा अंक वाचता?"

"वाचते म्हंजी? माझंच काम हाय की त्याच्यात. सावखेडं, घोडेगावची पांढरी, अजून तीन ठिकानं. पाच उत्खननं केली मी. माती वाहायची, खापरं धुवायची. निघालेलं समदं सायेब लोक पेट्यांत भरून घेऊन जायाचे. म्होरं त्याचं काय व्हतं, कोन सांगतंय? मंग प्रौढ शिक्षनाच्या वर्गात वाचाया शिकले, अन येका सायबानं सांगितलं, त्या खापरांचं ह्या पुस्तकात छापून येतं. लगेच वर्गनी धाडली." त्यांनी अंकाच्या पानावर हात फिरवला. "आन सायेब, ह्यो बैल. ह्यो मी धुतलाय. असा मुठीत बसायचा." त्यांनी मूठ मिटून दाखवली. "तुम्ही त्याला दोन मीटरचा केला."

झालं. उभ्या शहरातून वाचवलेली अब्रू लिंबाच्या झाडाखाली गेली. वैजनाथरावांनी मान खाली घालून पिशवीतून डिंकाची बाटली काढली.

"चूक झाली, बाई. माझ्या हातून झाली. ही बरोबर पट्टी आणलीय. तेवढी चिकटवतो, एका मिनिटाचं काम आहे."

मनकर्णाबाईंनी अंक छातीशी धरला. "नका चिकटवू. भाकर करपली तर मी करपली म्हनून वाढते, पालथी घालून न्हाई वाढत. चुकलं तर चुकलं म्हनून छापा की."

"बावीस वर्षांत एकही चूक नाही हो 'भूस्तर'मध्ये," वैजनाथराव कळवळून म्हणाले. "ही पहिलीच."

मनकर्णाबाई आत गेल्या आणि पत्र्याची पेटी ओढत बाहेर आल्या. पेटीत त्यांना मिळालेले सगळे अंक होते, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले, प्रत्येक अंकात शिसपेन्सिलीच्या खुणा. त्यांनी वरचा एक उचलला.

"ह्यो बघा, नववा. तिसऱ्या थरात गाडगं सापडलं म्हनून लिवलंय. ते तिसऱ्या थरातलं न्हाई. पावसानं खड्ड्याची कड ढासळली अन वरून खाली आलं. सायेब जेवाया गेले व्हते. आम्हाला वाटलं फुटल, म्हनून उचलून कोपऱ्यात ठिवलं. सायेब आले अन त्याचाच फोटू काढला."

त्या गाडग्यावर वैजनाथरावांनी स्वतः अठ्ठावीस पानांचा लेख लिहिला होता. दख्खनच्या व्यापाराचा काळ त्यात त्यांनी शंभर वर्षं मागं नेला होता. तो आता उभ्या उभ्या शंभर वर्षं पुढं आला.

"अन ह्यो सतरावा. घोडेगावचं यज्ञकुंड."

"ते तरी बरोबर आहे," वैजनाथराव घाईनं म्हणाले. "त्यावर चार अंक वाद चालला होता. कुंड धार्मिक की घरगुती म्हणून. दोन्ही पक्षांचे पुरावे छापलेत आम्ही."

"घरगुतीच व्हतं. माझीच चूल ती. आदल्या साली भाकरी भाजाया मांडली व्हती. म्होरल्या साली नवे सायेब आले अन त्याला दोरी लावून मापं घ्याया लागले. आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" वैजनाथरावांचा आवाज चिरकला. "मला एक पत्र टाकायचं."

"टाकनार व्हते. पर मागल्या पानावर तुम्हीच छापलंय." मनकर्णाबाईंनी मलपृष्ठ उलटलं आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "'मजकूर संदर्भग्रंथांच्या सूचीसह पाठवावा. सूचीविना आलेल्या मजकुराचा विचार केला जाणार नाही.' माझ्याकडं ग्रंथ कुठला? मी डोळ्यानं बघितलं व्हतं, तेवढंच."

तो नियम वैजनाथरावांनी लिहिला होता. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

हरायची वेळ आली की माणसाला रडू येतं, तसं त्यांना येईल असं त्यांना वाटत होतं. पण आतून निराळंच काही उसळत होतं. इथं ह्या बाजेवर त्यांचा अंक कुणीतरी ओळन्ओळ वाचला होता. तळटिपांखालीसुद्धा पेन्सिलीच्या रेघा होत्या. एका अंकात नांदेडच्या त्या स्वल्पविरामापाशी बाईंनी बारीक टिंब दिलं होतं. वाचताना दम घ्यायला थांबल्या असतील. सतरा घरांत बिनचूक राहण्यापेक्षा ह्या एका अंगणात चुकलेलं असणं त्यांना फार मोलाचं वाटायला लागलं आणि तसं वाटल्याचा त्यांना अभिमानही वाटला.

त्यांनी डिंकाची बाटली पिशवीत ठेवली आणि पेन काढलं.

"सांगा," ते म्हणाले. "मी लिहून घेतो. पहिल्यापासून सांगा."

"समदं?"

"सगळं."

"मंग चपला काढून नीट बसा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जुने अंक मी मागून मागवून घेतले व्हते. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावरच हाय."

पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर मुख्य संपादकांचं ध्येयधोरण होतं. वैजनाथरावांनी चपला काढल्या.

ऊन कलेपर्यंत लिहिणं चाललं. त्यानंतर महिनाभर त्यांची स्कूटर एक दिवसाआड चिकलठाण्याला जात होती. पंचेचाळिसाव्या अंकात शुद्धिपत्र आलं. चिठ्ठी नव्हे, अकरा पानांचं. पहिली नोंद बैलाची आणि तिच्यापुढं स्वच्छ अक्षरांत 'चूक: मुख्य संपादक'. अंक निघायच्या आधीच यज्ञकुंडाची बातमी गावात फुटली होती. काकासाहेबांनी छापखान्यातच फोन करून विचारलं, "ते चुलीचं खरं आहे का हो? मग माझी प्रत पोस्टात नका टाकू, मी गडी पाठवतो." लक्ष्मणराव वकिलांनी कूलरखालचा सतरावा अंक ओढून वाचला, आणि त्यांच्याकडे दोन दिवस पाणी सांडत राहिलं. द्वारकाबाईंनी फाटकाशी येऊन विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या पेपरात एवढ्या चुका निघाल्या म्हणं?" त्यावर वैजनाथराव छाती काढून म्हणाले, "एकूण त्रेसष्ट. इतक्या कुणाच्याच निघाल्या नसतील. कारण वाचतंय कोण दुसऱ्यांचं?"

मंडळाच्या बैठकीत मनकर्णाबाईंना संपादक मंडळावर घ्यायचं ठरलं. सांगायला वैजनाथराव स्वतः गेले आणि पुढच्या अंकाच्या आतल्या पानाचं मुद्रित त्यांनी बाजेवर पसरलं. मनकर्णाबाईंनी ते दोनदा वाचलं.

"ह्या समद्यांच्या नावाम्होरं काही ना काही लिवलंय," त्या म्हणाल्या. "एम. ए. म्हनं, पीएच. डी. म्हनं. माझ्या नावाम्होरं मोकळंच."

"काय लिहू?"

मनकर्णाबाईंनी थोडा विचार केला आणि सांगितलं. वैजनाथरावांनी जसं सांगितलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून फोन आला.

"सर, एक शंका आहे. संपादक मंडळात चौथं नाव आहे, मनकर्णाबाई पुंजाराम शेजूळ. त्याच्यापुढं पदवीच्या जागी लिहिलंय, 'पाच उत्खननांची माती डोक्यावर वाहिली'. हे असंच ठेवायचं का काही राहिलंय?"

"काही राहिलेलं नाही. अगदी असंच ठेवा," वैजनाथराव म्हणाले. "पण ते नाव चौथं नको. वर घ्या."

"किती वर, सर?"

वैजनाथरावांनी चष्मा नीट बसवला.

"माझ्या लगेच खाली," ते म्हणाले. "त्याच्यावर नको."